ऋतिक कारंजाला गेलाय

शाळा पुन्हा उघडली त्या दिवशी हेडमास्तरांनी पहिली-दुसरीच्या मुलांना सांगितलं, "ऋतिक कारंजाला गेलाय, त्याच्या मावशीकडे." मग हजेरी घेतली, आणि त्याचं नाव आलं तसे ते पुढच्या नावावर गेले.

हे मला माझ्या वल्लरीने घरी येऊन सांगितलं. ऋतिक तिच्या शेजारी बसायचा. तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात तो शाळेमागच्या शेततळ्यात बुडाला. काळ्या पन्नीचं, म्हणजे प्लास्टिक अंथरलेलं तळं. बाजू उतरत्या, वर शेवाळ. एकदा घसरलं की मोठ्या माणसालाही वर यायला हाताला काही लागत नाही. मोठ्या वर्गातल्या पोरांना घरोघरी दटावलं होतं, लहानांपुढे बोलायचं नाही म्हणून. मीही गप्प राहिले. वाटलं, सहा वर्षांच्या लेकराला काय सांगायचं? थोडे दिवस जाऊ देत.

पण ऋतिकची आई, छायाताई, शाळेतच खिचडी शिजवते. तेरवी झाली आणि ती कामावर आली. जेवायच्या सुटीत मुलं रांगेने बसली की सगळ्यांचा तोच प्रश्न.

"काकू, ऋतिक कधी येते?"

"दिवाळीले येईन," ती पळीने वाढता वाढता सांगायची.

"तिकडं मोबाइल भेटला असन त्याले. म्हणून याद येत नाई आपली!"

मुलं खिदळायची. छायाताईही हसायची. मी फाटकापाशी उभी राहून हे पाहिलेलं आहे. मी रोजच उभी राहते. गावात त्यावरून मला नावं ठेवतात.

मग एका दुपारी वल्लरीचा स्कर्ट धुवायला घेतला तर मागून हिरवा. शेवाळाचा ओला, बुळबुळीत पट्टा.

"कुठं बसली होतीस ग?"

"पन्नीवर. वरच्या वर. ऋतिकनं घसरगुंडी दाखवली होती ना आम्हाले. तो आला की खालपर्यंत जाऊ. आता फक्त प्रॅक्टिस करून राह्यलो."

"आता म्हणजे कोण कोण?"

तिने नावं घेतली. तिच्या वर्गातली जवळजवळ सगळीच.

मी तशीच शाळेत गेले. हेडमास्तर वर्ध्याहून मोटारसायकलवर येतात. निघायच्या घाईत होते. मी म्हटलं, "सर, मुलांना खरं सांगा. तुम्ही सांगा, सगळ्यांना एकत्र बसवून. छायाताईला आधी विचारून. काय झालं, कुठं झालं. रडतील तर रडू द्या, आम्ही आया येऊन बसतो सोबत. त्याच्या नावाने एखादं झाड तरी लावू द्या त्यांना."

"मॅडम, तुमचं पटतं हो मला," ते हेल्मेट हातात फिरवत म्हणाले. "पण लेकरं भितील. दोन आयांनी आताच दाखले मागितले. पट आणखी घसरला तर शाळाच राहत नाही. तळं ज्याचं आहे त्या हेमराजला मी जाळी लावायला सांगितलंय."

"कधी लावणार?"

"सोयाबीन निघाल्यावर म्हणतो."

घरी माझा नवरा, योगेंद्र, म्हणाला, "तू तुझ्या पोरीले सांग न. साऱ्या गावाचा ठेका घेतला काय?" पण वल्लरीला सांगणं म्हणजे सगळ्या वर्गाला सांगणं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. म्हणून आधी छायाताईकडे गेले.

ती ओसरीत तांदूळ निवडत होती. मी स्कर्टचं सांगितलं, पन्नीचं सांगितलं. तिचा हात सुपातच थांबला.

"तळ्यावर नका जाऊ देऊ लेकराइले," ती म्हणाली. "मारा, बांधून ठेवा. पण हे नका सांगू, वहिनी."

"ताई, नुसतं नको म्हटलेलं ऐकत नाहीत. त्यांना वाटतं तो येणार आहे, मग सगळे मिळून..."

"मले समजते न. मी काय येडी आहे?" तिने दाराकडे पाहिलं. आत तिचा नवरा पडून होता. आवाज उतरवून म्हणाली, "घरात त्याचं नाव कोणी काढत नाई. हे तर माह्याशी बोलतच नाईत, म्हणतात तू शाळेतच होती न, तुह्यं ध्यान कुठं होतं. लोकं मले पाहून बोलणं बदलवतात. त्या लेकराइपाशी तेवढा तो आहे. कधी येते, काय खाते तिकडं, विचारतात मले. तेवढा येळ मी बी कारंजाले जाऊन येतो त्याच्यापाशी."

मी उठले. निघताना ती एवढंच म्हणाली, "दिवाळीपर्यंत तरी."

दिवाळीला वेळ होता. तळं काठोकाठ भरलेलं होतं.

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. वल्लरीला मांडीवर घेऊन, सरळ शब्दांत. ऋतिक घसरला, पाण्यात गेला, मेला. तो येणार नाही. ती रडली नाही. बराच वेळ माझ्या बांगड्या वरखाली करत राहिली.

"मंग काकू खोटं काऊन बोलते?"

"तिला फार दुखतं म्हणून."

"आम्ही विचारतो म्हणून दुखते?"

मी नाही म्हणायला हवं होतं. नीट समजवायला हवं होतं. ते मला सुचलंच नाही. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी खिचडीची चव पाहायची पाळी माझी होती, आयांपैकी एकीला रोज बोलावतात. मुलं रांगेत बसली. छायाताई वाढत निघाली. कोणी मान वर केली नाही. तिची पळी एकेका ताटावर थांबायची आणि पुढे जायची. अर्धी रांग झाल्यावर ती म्हणाली, "काय झालं रे आज? कोणी बोलत काऊन नाई?"

वल्लरी हळूच म्हणाली, अगदी शहाण्यासारखी, "काकू, आता आम्ही नाई विचारणार. कधीच नाई विचारणार."

शेजारचा एक मुलगा हुंदके देऊ लागला, मग दोघी-तिघी. काही जण ताट मागे सरकवून भिंतीला टेकले. तिच्या पदराचा स्पर्शही नको, असे. वर्गातून हेडमास्तर बाहेर आले, दारातच उभे राहिले आणि पुन्हा आत गेले.

छायाताईने शेवटच्या मुलापर्यंत वाढलं. एकालाही वगळलं नाही. मग खिचडीचा गंज माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"आता तळ्यावर नाई जात ते," ती म्हणाली. "चांगलं झालं."

पदर खोचला, चप्पल घातली आणि फाटकाबाहेर निघून गेली. मी हाक मारली. कारंजाची बस जिथे थांबते त्या रस्त्याला ती लागली, घराच्या नाही.

मी पुन्हा हाक मारली. मागून हेडमास्तर विचारत होते, उद्या खिचडी कोण शिजवणार.