जुनूचा रक्तगट

माझ्या भाच्याच्या, पूर्णाच्या, हृदयाची झडप बिघडली, तेव्हापासून आमाने, म्हणजे माझ्या आईने, एकच पालुपद धरलं होतं: हे दुखणं सुनेच्या माहेरचं. सून म्हणजे माझी भाउजू, धनमाया. दर तीन आठवड्यांनी ती पोराला इंजेक्शनासाठी डोंगर उतरून खाली न्यायची. परत चढून आली की ताटात पिठाचा शिजवलेला गोळा, ढिंडो, पडायचा, पण टोमण्याशिवाय कधी नाही.

मग काठमांडूहून डॉक्टरांचं पथक शाळेत आलं. मुलांची हृदयं तपासली, रक्तगट काढले, आईबापांचेही काढले. पथकातली एक डॉक्टर मुलगी म्हणाली, "हा आजार ओ गटात जरा कमी होतो की काय, ते आम्ही बघतोय. अजून नक्की काही नाही." पूर्णा आणि त्याचा बाप बी गटाचे निघाले. भाउजू आणि तिची धाकटी मुलगी जुनू ओ. भाउजूने 'ओ' आणि 'कमी' एवढंच उचललं, बाकीचं शाळेतच सोडून आली.

त्या संध्याकाळी चुलीपाशी ती म्हणाली, "आमा, रक्त तुमच्या लेकाचं हो. माझं नाही."

"चार थेंब दिलेस तर लगेच वकील झालीस," आमा म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

मला हसू आलं. इतकी वर्षं ऐकून घेतलेल्या बाईला एवढं तरी मिळू दे, असं वाटलं.

तिहारच्या, म्हणजे आमच्या दिवाळीच्या, आधी जुनूचा घसा धरला. तिहार झाल्यावर गुडघा सुजला. तो उतरतोय तोवर घोटा. अंगात सारखी कणकण.

"भाउजू, पूर्णाचं असंच सुरू झालं होतं," मी म्हटलं.

"तिहारात देउसी खेळत घरोघर नाचली, मग पाय दुखणार नाहीत? ओ आहे ती."

"पूर्णाला नेतेसच, तिलाही ने बरोबर."

"आणि काही निघालं तर? आमाला पुन्हा तोंड मिळावं म्हणून नेऊ?"

मला तिचा संताप आला, आणि कीवही आली. मुलगी लंगडत होती आणि आई जिंकलेलं भांडण सांभाळत बसली होती. शेवटी अंगण ओलांडतानाच जुनूला धाप लागली, तेव्हा भाउजूने तिला पाठीवर घेतलं. आमा कुणी न बोलावता मागून निघाली. मीही निघाले.

दवाखान्यात भाउजूने आधी शाळेत मिळालेलं रक्तगटाचं कार्ड पुढे केलं. डॉक्टरने ते बघून बाजूला ठेवलं आणि जुनूच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकत होता.

"झडपेला सूज आहे. घसा दुखला तेव्हाच औषध मिळायला हवं होतं, तिथूनच हा आजार हृदयात उतरतो. निदान गुडघा सुजल्यावर तरी आणायचं."

"पण ती ओ आहे," भाउजू म्हणाली.

"असू दे. ओ गटवाल्यांनाही होतो. आता हिलाही इंजेक्शनं लागतील, भावासारखीच."

जुनूला खाटेवर झोपवलं. मी आमाकडे बघत होते. आज ही काही सोडत नाही, मला खात्री होती. आमा खाटेच्या पायथ्याशी बसली आणि आपली शाल काढून जुनूच्या पायांवर घालू लागली.

"बोला ना, आमा," भाउजू म्हणाली. "एवढी वर्षं बोललात. आज बोला."

आमा शालीची टोकं नीट करत राहिली. ती बोलली असती, तर भाउजूला तिच्याशी भांडता तरी आलं असतं.