गाडीवर खुर्ची नसते

मावशीचं मोडलेलं हाड जुळलं होतं. जुळत नव्हतं ते मावशीचं आणि वॉकरचं.

डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "हाड झकास बसलंय. पण आता त्या उठल्या नाहीत, तर पायातला जोर जाईल. मग कायमचा पलंग." भाच्याने ते जसंच्या तसं मावशीच्या कानावर घातलं. मावशी म्हणाली, "जन्मभर बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडली. आता माझी बसायची पाळी. त्या डॉक्टरला म्हणावं, पुढे सरका."

आता अशा बाईपुढे कुणी काय बोलावं? व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रोज हात टेकून परत जायची. भाचा लिफ्ट दुरुस्त करणारा, गावभरच्या लोकांना वर-खाली पोचवणारा, आणि त्याचीच मावशी बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आडवी. दैवालाही कधीकधी फार पांचट विनोद सुचतात.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. मावशीचं ताट अर्धं परत येऊ लागलं होतं. आईमागे त्याला हिनेच वाढवलेलं. ड्यूटी संपली की त्याचं बोट धरून ती खाण्याच्या गाड्या पालथ्या घालायची, आणि "उभ्याने खाल्लेलं अंगी लागतं" असं ठासून सांगायची. ती बाई आता घोटभर सूप पिऊन वाटी सरकवायची.

दिवसभर ती मोबाइलवर जपानमधल्या खाण्याच्या गाड्या बघत पडायची. एक दिवस तिने त्याला हाक मारली. "ठोंब्या, इकडे ये. हे बघ." ठोंब्या हे काही त्याचं नाव नव्हे, पण मावशीने लहानपणी लावलेलं लेबल निघतंय कसलं! पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी लोखंडी तव्यावर कोबीचा जाडजूड पोळा उलटत होती. ओकोनोमियाकी म्हणतात त्याला. मावशीची जीभ त्या नावावरून दोनदा घसरली, तेव्हा तिने त्याचं 'ते कोबीचं' करून टाकलं. "हे खायचंय मला."

कित्येक दिवसांत तिने काही मागितलं नव्हतं. भाच्याला आकाश ठेंगणं झालं, पण चेहरा सरळ ठेवून तो म्हणाला, "करतो. पण गाडी स्वयंपाकघरात लागणार. गाडीवर खुर्ची नसते, आणि गाडीवाला घरपोच देत नाही. यायचं, उभं राहायचं, खायचं."

"मेल्या, माझीच विद्या मला शिकवतोस?"

रविवारी त्याने घरातल्या सगळ्या खुर्च्या खालच्या मजल्यावर शिंपीकाकांकडे नेऊन ठेवल्या. त्याच्या मागोमाग शिंपीकाकाच वर आले. "खुर्च्या सांभाळतोय, तर निदान गिऱ्हाईक म्हणून तरी उभं राहू दे की!"

कोबी चिरला, मैद्यात अंडी फोडली, कांद्याची पात घातली. आतून मावशीचं पलंगावरून शेळ्या हाकणं चालूच होतं. "पीठ कमी! कोबी धरण्यापुरतंच! दाबू नकोस रे, त्याचा श्वास कोंडेल!" पहिला पोळा उलटताना अर्धा शेगडीवर गेला. "फुटला ना? आवाजावरून कळलं."

तुकडे शिंपीकाकांनी गोळा करून खाल्ले. "वा!" ते म्हणाले, "वा वा!"

आतला आवाज बंद झाला. मग वॉकर जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. भाच्याने घाईघाईने दुसरा पोळा घातला. दोन उलथणी धरून तो नीट उलटला, तेवढ्यात मावशी दाराच्या चौकटीत आली आणि थांबली. चेहरा पांढराफटक.

"पाय लटपटतायत रे," ती म्हणाली. "पुन्हा पडेन. भीती वाटते."

हे या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याचं सगळं अवसानच गळालं. कसली गाडी नि कसलं काय! पोळा ताटलीत घेऊन तो तिच्याकडे निघाला.

"तिथेच थांब!" बसमध्ये दांडगट उतारूला द्यायची तशी तिने आरोळी ठोकली. "ठेव तो तव्यावर."

"अगं, पण मावशी..."

"आज ताटली घेऊन आलास, तर उद्याही आणशील. मला माहितीये तू कसा आहेस. मग मी गेले कामातून. ठेव म्हणते ना."

त्याने ठेवला. आणि नुसतं उभं राहायचं काम किती अवघड असतं, ते त्याला त्या दिवशी कळलं. हात पुढे जात होते, तो मागे घेत होता. शिंपीकाका भिंतीला चिकटून श्वास रोखून उभे. मावशी वॉकर उचलायची, टेकवायची, ओठ चावून पाय ओढायची, थांबायची. तव्याखालची आच कमी करायचं भान कुणाला होतं!

शेवटी तिचा हात ओट्याच्या कडेला लागला. भाच्याने डोळे पुसत सॉस ओतला, मेयोनीजच्या वेड्यावाकड्या रेघा मारल्या, वर वाळवलेल्या माशाचा पातळ कीस भुरभुरला. तो वाफेवर वळवळायला लागला. मावशीने पोळ्याची कड उचलून खाली पाहिलं. सगळा कोळसा.

"करपवलास, ठोंब्या."

तरी तिने तुकडा तोडला, फुंकर मारून तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला. मग दुसरा तोडला. मग तिसरा. पाय अजून थरथरत होते. भाच्याच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, खुर्ची आणू का गं?"

"काही नको. दुसरा घाल," मावशी म्हणाली. "आणि घाई करू नकोस. मी उभी आहे."