शेवटच्याचा धाकटा भाऊ

“अगं, डोकं बाजूला घे ना! मला काही दिसत नाहीये.”

थोरलीनं डोकं बाजूला घेतलं. सुपाचा चमचा मात्र सासूबाईंच्या ओठांपासून बोटभर अंतरावर तसाच राहिला आणि त्यातलं सूप निवत चाललं. सासूबाईंची नजर टीव्हीवर होती आणि टीव्हीवर होती धाकटी. पांढरा गणवेश, केस वर बांधलेले, छातीशी छोटं घड्याळ अडकवलेलं. इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यातून ती अशी काही चालत होती, की पेशंटनं नुसती ती चाल बघून बरं व्हावं.

“बघ, चालते कशी,” सासूबाई म्हणाल्या. “नाहीतर तू. धाड धाड धाड. खालच्या मजल्यावरचे विचारतात, वर घोडा पाळलाय का म्हणून.”

“खालचे असलं काही विचारत नाहीत, आई. तोंड उघडा.”

अर्धांगवायूनं सासूबाईंची उजवी बाजू गेली होती आणि डाव्या हाताला सारखा कंप असायचा. जीभ तेवढी शाबूत राहिली. देवानं काय ठेवायचं नि काय न्यायचं ते ठरवताना जरा विचार करायला हवा होता, असं थोरलीच्या मनात अधूनमधून यायचं. मग तिची तिलाच लाज वाटायची, आणि ती उशी उगीचच दोनदा सारखी करायची.

थोरलीचा उद्योगच मुळी टीव्ही बघण्याचा. एका वर्तमानपत्राच्या शनिवारच्या पुरवणीत तिचं सदर असे. आठवड्यात लागलेल्या विनोदी मालिका आणि डॉक्टर-इस्पितळांच्या मालिका, त्यांचे ताजे भाग बघायचे आणि चार शब्द लिहायचे. म्हणायला चार शब्द, पण वाचून निर्मात्यांचं जेवण कडू व्हायचं. फर्निचरच्या दुकानात घडणाऱ्या एका विनोदी मालिकेबद्दल तिनं लिहिलं होतं, ‘या भागात सर्वांत चांगलं काम सोफ्यानं केलं आहे. तो निदान योग्य वेळी कुरकुरतो.’ एका इस्पितळी मालिकेबद्दल लिहिलं होतं, ‘इथले डॉक्टर प्रेमात इतके गुंतलेले असतात, की पेशंट शेवटी कंटाळून आपापले बरे होतात.’ लोक हे कापून ठेवायचे, एकमेकांना वाचून दाखवायचे. घरात मात्र त्याला ‘हिचं ते टीव्ही बघणं’ म्हणत. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

धाकटीच्या मालिकेवर मात्र तिनं आजवर एक ओळ लिहिली नव्हती. संपादकांना तिनं सांगितलं होतं, घरचं माणूस आहे, बरं दिसत नाही. संपादकांना ते पटलं होतं. खरं कारण वेगळंच होतं. धाकटी चांगलं काम करायची. वाईट करत असती तर थोरलीनं मोठ्या मनानं दोन कौतुकाचे शब्द लिहूनही टाकले असते. पण खरोखरच चांगल्या माणसाचं कौतुक करायला जे काळीज लागतं, ते आपल्याकडे नाही हे तिला ठाऊक होतं.

ही धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. दोघं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची, शूटिंगमधून सवड मिळाली की यायची. यायची म्हणजे, येणार येणार म्हणून आठवडाभर गाजायचं आणि मग फोन यायचा.

त्या दिवशीच्या भागात एक म्हातारी पेशंट होती, खाणंपिणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेली. धाकटी तिच्या पलंगावर बसली. दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले, एक हात म्हातारीच्या मानेखाली घातला, दुसऱ्या हातानं चमचा पुढे केला.

“हा शेवटचा,” धाकटी म्हणाली. म्हातारीनं नाइलाजानं गिळला.

“आता हा शेवटच्याचा धाकटा भाऊ. त्याला बाहेर का ठेवायचं?” म्हातारीच्या ओठांचा कोपरा हलला. तोही गेला.

“आणि ही धाकट्याची बायको. नवी नवरी आहे, दारातून परत पाठवाल?”

म्हातारी हसली. पाठीमागे व्हायोलिन वाजू लागलं.

थोरली थिजून गेली. रोज दुपारी नि संध्याकाळी, याच खोलीत, याच पलंगावर ती सासूबाईंना असंच तर भरवत होती! तळवे घासणं तिचं, मानेखालचा हात तिचा, आणि तो शेवटच्याचा धाकटा भाऊ तर अगदी तिचाच. सासूबाई तोंड मिटून बसल्या होत्या तेव्हा वैतागून, रडकुंडीला येऊन तिच्या तोंडून निघाला होता. मागे धाकटी आली होती तेव्हा ती या दारात कितीतरी वेळ नुसती उभी होती. थोरलीला वाटलं होतं, बिचारीला मदत करायची आहे पण संकोच वाटतोय. संकोच कसला, बाई शिकवणीला आली होती!

सासूबाईंचे डोळे भरून आले होते. “कसं सुचतं गं हिला! माया असल्याशिवाय का असं सुचतं?”

“आई, हे मी म्हणते. रोज म्हणते तुम्हाला.”

“तू?” सासूबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “म्हणत असशील हिचं बघून.”

थोरलीनं चमचा वाडग्यात ठेवला. सूप गरम करून आणते म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस न पेटवताच उभी राहिली. तिला इतका मत्सर वाटत होता की कानशिलं तापली होती. लोकांच्या नवऱ्यांवर डोळा ठेवतात बायका, दागिन्यांवर ठेवतात. हिनं माझा चमचा नेला.

आठवडा संपायच्या आत ते वाक्य गावभर झालं. औषधाच्या दुकानात एक बाई कडेवरच्या पोरीला गोळी चारत होती, “हा शेवटच्याचा धाकटा भाऊ.” दुकानदार हसून म्हणाला, “तुम्हीपण बघता वाटतं सिस्टरची मालिका?” थोरली सुटे पैसे न घेताच पायऱ्या उतरली.

आणि संपादकांचा फोन आला.

“आता लिहावंच लागेल तुम्हाला. लोक विचारतायत, सगळ्यांवर लिहिता मग हिच्यावर का नाही.”

“घरचं माणूस—”

“ठाऊक आहे. चांगलं लिहा, वाईट लिहा. पण लिहा.”

दुपारी सासूबाई झोपल्यावर ती जेवणाच्या टेबलाशी बसली. खरं लिहावं, तर लोक म्हणणार, जावेची कीर्ती बघवत नाही म्हणून हक्क सांगायला आली. कौतुक लिहावं, तर आपणच आपली पाठ थोपटायची आणि शाबासकी तिनं घ्यायची. ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग तिनं लिहायला घेतलं, आणि एकदा घेतल्यावर हात थांबेना. आधी एका विनोदी मालिकेतल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या कुटुंबाला तिनं दोन ओळींत वाटेला लावलं. मग सिस्टरकडे वळली. ‘चमच्यांचं नातंगोतं ऐकून प्रेक्षक गहिवरले म्हणे. गहिवरोत बापडे. पण ज्यानं आयुष्यात एकदा तरी आजारी माणसाला भरवलं आहे, त्याला विचारा. असं कुणी बोलत नाही. तिथं हात दुखत असतात, सूप सांडत असतं, आणि विनोद सुचायला लागणारं मन केव्हाच दमून गेलेलं असतं. हा सगळा गोडवा लेखकाच्या टेबलावरचा आहे.’

लिहून झाल्यावर तिला फार बरं वाटलं. खाज सुटलेली जागा रक्त येईपर्यंत खाजवल्यावर वाटतं तसं.

शनिवारी नवऱ्याला सुट्टी असे. आईच्या पलंगाशी खुर्ची ओढून तो पुरवणी मोठ्यानं वाचून दाखवी; त्याच्या मते आईची सेवा ती हीच. सोफ्यासारखी वाक्यं आली की मायलेक दोघंही हसत. आज लिफ्टपर्यंत हसले. पुढे त्याचा आवाज हळूहळू खाली आला. थोरली दारात घड्या घालायचे कपडे घेऊन उभी होती.

वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला. “जरा जास्तच झालं. तिला लागेल.” मग थोडा विचार करून म्हणाला, “पण तुझा मुद्दा बरोबर आहे हां. खरंच, असं कोण बोलतं?”

सूप भरवण्याच्या वेळी तो कधीच या खोलीत नसायचा, त्यामुळे त्याचा तरी काय दोष! तो उठून दूध आणायला खाली गेला.

सासूबाई छताकडे बघत होत्या. “खोटं लिहिलंस,” त्या म्हणाल्या.

“काय खोटं?”

“असं कुणी बोलत नाही म्हणून. तू बोलतेस की.”

थोरलीच्या हातातला पंचा तसाच राहिला. “मग त्या दिवशी काय म्हणालात? हिचं बघून म्हणत असशील! इतकं लागलं मला, आई. दोन दिवस जेवण गेलं नाही.”

“म्हटलं खरं.” सासूबाईंनी डावा हात पांघरुणावर ठेवला. “तिचं कौतुक केलं की तू नवऱ्याला सांगतेस चिडून. तो भावाला सांगतो. तो तिला सांगतो. घरातलं बोलणं असंच पोचतं. म्हटलं, कानावर गेलं तर येईल एखाद दिवशी, आणि तिच्यामागून माझा पोरगापण येईल.” त्या थांबल्या. “तुझं कौतुक कशाला करायचं? तू काय, आहेसच.”

थोरली कपड्यांच्या ढिगावर तशीच बसली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते शेवटी मिळालं, ते असं! तिला राग आला, रडूही आलं, आणि एवढं असून मनात कुठंतरी गारवाही वाटला, याचा तिला आणखी राग आला. जगभर छापून सांगितलं होतं तिनं की असं कुणी बोलत नाही. आता ही पावती कुणाला दाखवणार?

ती उठली, बाहेरच्या खोलीत गेली आणि तिनं धाकटीला फोन लावला.

“ताई,” धाकटी लगेच म्हणाली, “वाचलं मी.”

“वाचशीलच.”

“मी तुमचं उचललं. न विचारता. लेखकाला मीच सांगितलं, आमच्या ताई असं करतात म्हणून. मला वाटलं, पडद्यावर बघून तुम्हाला आनंद होईल.”

“नाही झाला. जळले मी.” थोरलीला वाटलं होतं हे बोलताना जीभ अडखळेल, पण नाही अडखळली. “इतकी जळले की स्वतःचंच खोटं म्हणून छापून बसले. पुढच्या शनिवारी खरं काय ते लिहीन. लोक हसले तर हसोत. ते माझं मी बघेन. तू उद्या काय करतेयस?”

“उद्या शूटिंग नाहीये.”

“मग दोघं या. आई वाट बघतायत.”

“मी येऊन काय करू, ताई? मला भीती वाटते तिथं. आणि आई मला अजून ‘बसा’ म्हणतात. पंख्याखालची खुर्ची द्यायला लावतात. तुमच्यावर कशा खेकसतात! मागच्या वेळी दारात उभं राहून ऐकत होते मी. माझ्यावर कधी खेकसतील असं वाटत नाही.”

थोरलीला हसू आलं. ज्याचं त्याला नको आणि शेजारच्याला हवं, असा सगळा कारभार. पण हसता हसता तोच जुना मत्सरही जागा झाला. तो काही एका फोनानं जाणार नव्हता.

“काही करू नकोस,” ती म्हणाली. “नुसती शेजारी बस. बाकीचं मी करीन.”

ती परत आली तेव्हा सासूबाई मान वळवून दाराकडेच बघत होत्या.

“येते म्हणाली?”

“येते. दोघंही येतायत.”

“मग मला जरा नीट कर.”

“उद्या यायचेत, आई. आज नाही.”

“करून तर बघ. कसं दिसतं ते कळेल.”

थोरलीनं फणी आणली. पलंगाच्या डोक्याशी बसून तिनं सासूबाईंना आपल्याकडे रेलून घेतलं. उशीवर घासून घासून मागचे केस विरळ झाले होते; ते ओढले जाऊ नयेत म्हणून ती मुळाशी बोटं धरून एकेक गुंता सोडवत राहिली.

“भांग सरळ काढ. तिला नीटनेटकं बघायची सवय असते.”

थोरलीनं भांग मोडून पुन्हा काढला.

“आता?”

“छान दिसताय.”

“तिला आवडेल?”

“आवडेल,” थोरली म्हणाली, आणि सुटलेली एक बट तिनं त्यांच्या कानामागे बसवली.