तातडीची सेवा चोवीस तास

मोबाइलवर काही शोधलं की आधी निळ्या अक्षरांत शीर्षक येतं आणि त्याखाली करड्या अक्षरांत दोन ओळी. त्या दोन ओळी कुणीतरी बसून लिहितं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. ती त्या लिहायची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन, वर दीड वर्ष नोकरीसाठी चपला झिजवून ती या कामाला लागली होती. आई नातेवाइकांना सांगायची, "कॉम्प्युटरमध्ये आहे." त्यापुढे कुणी काही विचारलं की आई चहा टाकायला उठायची.

कामाचं शास्त्र तिने तीन महिन्यांत पाठ केलं. दीडशे अक्षरांच्या पुढे गेलं की ओळ तुटते, मोबाइलवर त्याच्याही आधी. म्हणून महत्त्वाचं ते पहिल्या चार-सहा शब्दांत सांगायचं. पानावर जे आहे तेच लिहायचं, पण असं की सरकणारं बोट थांबलं पाहिजे. आणि दोन पानांना एकच वर्णन कधीही द्यायचं नाही. शेजारच्या टेबलावरच्या ताई, ज्यांनी तिला हे सगळं शिकवलं, त्या म्हणायच्या, "आपण भात शिजवत नाही गं. शीत तेवढं निवडून वर ठेवतो."

पण ती शितावरही प्रयोग करायची. पंधरा दिवस एक ओळ, पुढचे पंधरा दिवस दुसरी, आणि वहीत आकडे: शंभर जणांना दिसली, किती जणांनी दाबली. ऑफिसात तिचं नाव 'प्रयोगशाळा' पडलं होतं. एका रुग्णालयाच्या मुख्य इमारतीसाठी तिने अशा चार ओळी तपासल्या. 'तातडीची सेवा चोवीस तास' असं सुरू होणारी ओळ सरळ पुढे निघून गेली. शंभरात चार जण थांबायचे तिथे सात थांबू लागले. सरांनी मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं.

त्याच रुग्णालयाच्या नव्या संकेतस्थळाची तीनशे बारा पानं शुक्रवारच्या आत भरायची होती. शीटमध्ये एका ओळीत एक पान. मुख्य इमारतीखाली पाच शाखा होत्या. जागा रिकामी दिसू नये म्हणून तिने वरचं वर्णन माउसने धरलं आणि खाली ओढलं. पाचही चौकटी भरल्या. मग ती एकेक बदलत गेली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीवर पोचली तेव्हा सरांनी हाक मारली. परत आली ती दुसऱ्याच पानाकडे. पाचव्या शाखेच्या पानावर अगदी तळाशी वेळ बरोबर लिहिलेली होती, सकाळी आठ ते रात्री आठ. वर शोधात मात्र चोवीस तास.

अकरा आठवड्यांनी, एका बुधवारी सकाळी, तिमाही तपासणीत ती चूक तिलाच सापडली. जीभ चावून तिने ओळ दुरुस्त केली, शेऱ्याच्या रकान्यात तारीख-वेळ टाकली आणि पान पुन्हा वाचावं अशी विनंती सर्च इंजिनला पाठवली. शुक्रवारपर्यंत शोधात नवी ओळ दिसू लागली. त्या दिवशी तिला उलट बरंच वाटलं होतं. आपली चूक आपणच पकडली, कुणाला पत्ता नाही.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंना अर्धांगाचा झटका आला. हे तिला माहीत होतं, पण त्या आजारपणाची हकीकत माहीत नव्हती. तीन आठवड्यांनी काकूंना घरी आणलं, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी आईबरोबर ती त्यांना बघायला वर गेली.

काकूंचे यजमान वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते. अडतीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडले, म्हणून सगळी इमारत त्यांना मापकाका म्हणायची. दूधवाल्याचं मापटंही ते उजेडात धरून बघायचे. आज ते खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते. काकूंची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. डोळे मात्र सगळ्यांच्या मागे फिरत होते. दुसऱ्या शहरात राहणारा मुलगा कपाटातली औषधं एका पिशवीत भरत होता.

"बसा मावशी," तो तिच्या आईला म्हणाला. "सोमवारी गाडी येतेय. आईला एका संस्थेत ठेवतोय. चांगली आहे, नर्स असतात. बाबांना माझ्याकडे नेतो."

"अरे, पण दोघांना वेगळं…" आई म्हणाली.

"मग काय करू? दिवसाला नऊ गोळ्या, त्यातल्या दोन अर्ध्या करून, एक उपाशीपोटी. बाबांच्या भरवशावर सोडू? त्या मंगळवारी रात्री जवळच्या शाखेत घेऊन गेले, ती आठलाच बंद झालेली. शटरवर हात आपटत बसले. तिथून मुख्य इमारतीत. पंचेचाळीस मिनिटं गेली."

"मी वाचलं होतं," मापकाका म्हणाले. हे त्यांनी बऱ्याचदा म्हटलेलं असणार, कारण आवाजात जोर नव्हता. "नावाखालीच होतं. चोवीस तास."

"बाबा, मी त्याच आठवड्यात शनिवारी तुमच्याच मोबाइलवर बघितलं. सकाळी आठ ते रात्री आठ. स्वच्छ लिहिलंय."

"तेव्हा तसं नव्हतं."

"म्हणजे चार दिवसांत कुणीतरी येऊन बदलून गेलं. खास तुमच्यासाठी." मुलगा हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती, थकवा होता. "डोळे तपासून घ्या म्हणून दोन वर्षं कानीकपाळी ओरडतोय."

"अडतीस वर्षं काटे वाचले मी."

"काटा आणि मोबाइल यात फरक असतो, बाबा."

ती भिंतीला टेकून उभी होती. कोणती शाखा, हे विचारायची गरज नव्हती. या वस्तीला जवळची एकच होती, ती पाचवी. मंगळवारची रात्र आणि बुधवारची सकाळ, दहा चाळीस, या दोन वेळा तिच्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसल्या.

मुलगा फोन घ्यायला गॅलरीत गेला. मापकाकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "माझंच चुकलं असेल," ते तिच्या आईला म्हणाले. "घाई होती. ही खाली बसली होती, तोंड वाकडं झालेलं. मला जे वाचायचं होतं तेच मी वाचलं असणार."

ती आईच्या मागोमाग जिना उतरली.

जेवताना तिने मोबाइलवर वाचलं की मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की मिनिटाला सुमारे एकोणीस लाख पेशी मरतात. पंचेचाळीसने गुणायला तिला कागद लागला नाही. साडेआठ कोटी. मग तिने स्वतःलाच दटावलं. हा सरासरीचा आकडा, माणसामाणसांत फरक, वेळेवर पोचल्या असत्या तरी काय झालं असतं ते सांगता येत नाही. हे सगळं शास्त्राला धरून होतं. पण मापकाकांनी बरोबर वाचलं होतं, त्यात सरासरी कुठेच नव्हती.

शनिवारी ऑफिसात तिने सरांना सगळं सांगितलं. सरांनी काचेचं दार लावून घेतलं.

"ती ओळ आपली होती कशावरून?" ते म्हणाले.

"मीच लिहिली होती, सर."

"तू लिहिलीस, पण त्या माणसाला तीच दिसली कशावरून? निम्म्याहून जास्त वेळा सर्च इंजिन आपली ओळ फेकून देतं आणि पानातलं हवं ते उचलून लावतं. हे तूच मागच्या महिन्यात तक्त्यासकट दाखवलंस ना मला?"

"पानात चोवीस तास हे शब्दच नव्हते. उचलणार कुठून?"

सर थोडा वेळ पेनचं टोपण उघडत-मिटत राहिले. माणूस वाईट नव्हता. "हे बघ, कुणी विचारलेलं नाही. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? रुग्णालयाला कळलं तर काम जाईल, आणि सही तुझी आहे तेव्हा आधी तू जाशील. शीट बाहेर दाखवायची नाही, हे करारात आहे. लक्षात ठेव."

बाहेर ताईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली. "काय गं प्रयोगशाळा, काही फुटलं का?"

तिने सांगितलं. ताईंनी पुढे थट्टा केली नाही. हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या हातूनही असं काही झालं असेल. मला कधी कळलं नाही, एवढंच."

"कळलं असतं तर?"

"मला दोन मुलं आहेत," ताई म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन वर गेली. दार मुलाने उघडलं. आत खाटेशेजारी एक बॅग अर्धी भरलेली होती. वर काकूंचे नीट घडी केलेले कपडे.

"काकांशी बोलायचंय," ती म्हणाली. "तुम्हीही थांबा."

तिने उभ्यानेच सांगितलं. ओळ कुणी लिहिली, खाली कशी ओढली, पाचवी कशी राहिली, बुधवारी कशी बदलली. वाक्यं सुटी सुटी येत होती, प्रयोगवहीत निरीक्षणं लिहावीत तशी. मापकाका मान खाली घालून ऐकत होते. मुलाने हात वर करून तिला थांबवलं.

"तुमचा जीव आहे बाबांवर, ते कळतंय," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण त्यांना बरं वाटावं म्हणून असलं काही सांगू नका. उद्या मग तेच धरून बसतील."

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. कबुली दिली की माणसं चिडतील, एवढीच तिने तयारी केली होती. कुणी विश्वासच ठेवणार नाही, हे तिला सुचलं नव्हतं. तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि शीट उघडली. त्या शीटमध्ये प्रत्येक चौकटीचे जुने बदल राहतात, कुणी केला आणि कधी, त्यासकट. दोनशे चौदाव्या ओळीवर जाऊन तिने तो इतिहास उघडला आणि पडदा मुलाकडे फिरवला.

मुलगा वाकला. मग खुर्ची ओढून बसला.

"मोठ्याने वाच," मापकाका म्हणाले.

"बाबा…"

"वाच."

"'तातडीची सेवा चोवीस तास,'" मुलाने वाचलं. "'डॉक्टर, तपासणी आणि औषधं एकाच ठिकाणी. आपल्या घराजवळची शाखा.'" तो थांबला. "खाली यांचं नाव आहे. मग बदल. बुधवार, सकाळी दहा चाळीस."

"आम्ही मंगळवारी गेलो," मापकाका म्हणाले.

"हो बाबा."

बाहेर कुणीतरी गच्चीवरून बादली ओढत नेत होतं. मुलाने खिशातून फोन काढून पडद्याचा फोटो घेतला. तो पुसट आला, म्हणून दुसरा घेतला. तिने अडवलं नाही. तो फोटो कुठवर जाईल आणि सोमवारी सर काय म्हणतील, याचा हिशेब तिने जिन्यातच करून ठेवला होता.

मापकाका उठले. कपाटातून रेघांची वही आणि पेन काढून तिच्यासमोर ठेवलं. "लिही," ते म्हणाले. "तारीख, वेळ, काय लिहिलं होतंस, काय बदललंस. खाली सही. वजन खोटं निघालं की दुकानदाराकडून आम्ही असंच लिहून घ्यायचो. नंतर तोंडी वाद नको."

तिने लिहिलं. अक्षरं मोजली नाहीत. पाऊण पान झालं. मापकाकांनी ते उजेडात धरून, चष्म्याशिवाय आणि मग चष्म्यासह, दोनदा वाचलं. एके ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "इथे 'चुकून' लिहिलंयस."

"चुकूनच झालं, काका."

"माहितेय मला. निम्मे दुकानदारही मुद्दाम करत नसत. काट्याखाली कचरा साठायचा, साखळी झिजायची." त्यांनी वही मिटली. "तो शब्द आम्ही लिहू द्यायचो नाही. असू दे आता."

मुलगा गॅलरीत गेला. आतून त्याचं बोलणं ऐकू येत होतं. "सोमवारी गाडी नको… नाही, रद्द नाही, पण आत्ता नको. महिनाभर बघतो." आत येऊन त्याने औषधांची पिशवी वडिलांच्या मांडीवर ठेवली. माफी मागायला त्याने तोंड उघडलं असावं, पण शब्द निघाले ते वेगळेच. "उपाशीपोटीची कोणती, बाबा?"

"पांढरी, मधे रेघ असलेली," मापकाका त्याच्याकडे न बघता म्हणाले. "सकाळी साडेसहाला दिली."

ती लॅपटॉप मिटून उठली. खाटेवर काकूंचा डावा हात चादरीवरून सरकत होता, शेजारच्या वाटीच्या दिशेने. त्यांना पाणी हवं होतं. ती सगळ्यांत जवळ होती. तिने वाटी उचलली, चमचा घेतला.

"राहू दे," मापकाका म्हणाले.

तिला आधी वाटलं, ते शिष्टाचार म्हणून बोलताहेत. "देते ना काका, त्यात काय."

"राहू दे म्हटलं ना." त्यांनी तिच्या हातातून वाटी काढून घेतली. ओढली नाही, नुसती घेतली. "तुझ्या आईला सांग, येत जा म्हणावं. हिला बरं वाटतं. तू नको येऊस."

मग ते खाटेच्या कडेला बसले, एक हात काकूंच्या मानेखाली घातला, डोकं उचलून हनुवटी किंचित खाली केली, कारण डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, आणि पहिला चमचा ओठांशी नेला. पाणी गिळल्याचं गळ्यावर दिसेपर्यंत दुसरा भरला नाही. ती दारात उभी राहून तिसरा चमचा होईपर्यंत बघत राहिली. मग दार हलकेच ओढून घेऊन ती खाली उतरली.