वहिनीचा हात

वहिनीचा हात भट्टीत गेला की भट्टीसुद्धा अंग चोरते, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे. भट्टीच्या तोंडाशी तळवा धरून ती म्हणायची, "अजून चार मिनिटं," आणि मी डोळे मोठे करून सांगायचो, चार म्हणजे चारच, घड्याळ तिला विचारून चालतं. पुढं मी वाढवतच गेलो. शेजारच्या पोराचा ताप तिनं म्हणे भिंतीपलीकडून ओळखला. मांजराच्या पोटाला हात लावून आतली पिल्लं मोजली. माणसं हसत, पाव घेत आणि जाताना आपलं पोर तिच्यापुढे धरत, "बघा हो, अंग गरम लागतंय का?" वीस वर्षं हे चाललं. अखेर वहिनीलाही ते खरं वाटायला लागलं.

दादाच्या मेंदूत गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. "गाठ डोक्यात असली तरी तिचा त्रास सगळ्या अंगाला आहे. रोगाशी लढणाऱ्या पेशी हाडांच्या आत अडकून पडल्यात, रक्तात उतरतच नाहीत. त्यात सूज कमी करायच्या गोळ्या. साधं इन्फेक्शनही झेपायचं नाही. ताप, धाप, गुंगी, काहीही वेगळं दिसलं की लगेच फोन करा."

"म्हणजे फौज छावणीत जेवून झोपलीय," दादा म्हणाला.

"तुझीच फौज. दुसरं काय करणार?" मी म्हणालो.

घरी पोचेपर्यंत त्या सगळ्यातला ताप तेवढा आमच्या लक्षात राहिला. आणि तापाला वहिनी होती. नवा थर्मामीटर डबीतून बाहेर निघालाच नाही.

गोळ्यांनी दादाला राक्षसी भूक लागली, तोंड फुगून गोल झालं. "जास्त फुगलास तर विकून टाकीन," मी म्हणायचो. महिन्याभरानं त्याला खोकला लागला. कोरडा, हलका. वहिनीनं कपाळावर हात ठेवला. "काही नाही, गार आहे." दुसऱ्या दिवशी तो जिना चढताना मधेच खाली बसला. "गार आहे." तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला 'बाबा' म्हणून हाक मारली.

"वहिनी, फोन करू या का?"

"कशाला? ताप नाहीये, भाऊजी. उगाच ह्यांना ओढत न्यायचं?"

त्या हाताची कीर्ती मीच गावभर केलेली. गुमान पीठ मळायला गेलो.

संध्याकाळी ओठ निळे पडले, तेव्हा नेलं. दोन्ही फुप्फुसं भरली होती. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ताप चढवायलाही फौज लागते," त्या म्हणाल्या. "शिवाय त्या गोळ्या ताप दाबून ठेवतात. पण धाप तर दिसत होती ना?"

त्या आत गेल्या. बाकड्यावर वहिनी बराच वेळ आपला तळवा बघत राहिली.

"खरं सांगा, भाऊजी. माझा हात कधी चुकलाय?"

'कधीच नाही' अगदी जिभेवर होतं. आयुष्यात त्याहून मोठ्या थापा मी पाव बांधता बांधता मारल्यात. पण काचेपलीकडे यंत्र दादाच्या छातीत हवा भरत होतं.

"चुकायचा," मी म्हणालो. "आठवड्यातून एकदा तरी. तुम्ही बाहेर गिऱ्हाईक बघत असायचात. करपलेले पाव मी मागच्या दारानं टाकून यायचो."

"मला का नाही सांगितलंत?"

"गोष्ट बिघडली असती."

ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सनं बोलावलं. यंत्र बंद केलं होतं, दादाची छाती हलत नव्हती. वहिनी पलंगापासून चार पावलं लांबच थांबली, हात काखेत.

"तुम्ही बघा," ती म्हणाली.

मी दादाच्या कपाळाला हात लावला.

"अजून कोमट आहे."