ती उत्तर का देत नव्हती

माझी झोप दगडासारखी. लहानपणी शेजारच्या इमारतीला आग लागली, बंब आले, सगळी गल्ली रस्त्यावर आली, आणि मला ते सकाळी दात घासताना कळलं. हे आधीच सांगून टाकतो. झोपेत माणसाच्या जिवावर बेतल्यासारखं काही होऊ शकतं हे माझ्या डोक्यात शिरायला जो उशीर झाला, त्याचं निम्मं कारण हेच आहे. उरलेलं निम्मं म्हणजे माझा स्वभाव.

माझी बायको बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जातात. एखादीला तडा गेलेला असेल, एखादीच्या काचेत बुडबुडा राहिला असेल, तर ती उचलून बाजूला टाकायची. ऐकायला सोपं वाटतं. आठ तास करून बघावं. पाळ्या तीन, आणि तेव्हा त्या दर आठवड्याला बदलायच्या. सकाळची, मग दुपारची, मग रात्रीची, आणि पुन्हा पहिल्यापासून. आम्ही आईबाबांबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी घरापासून चालत सात मिनिटांवरच्या छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर असतो.

लग्नाला वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. दुपारी दोनच्या सुमाराला माझ्या हातून शाईचा डबा कलंडला. छातीपासून कमरेपर्यंत मी निळा. मालक म्हणाले, "आधी घरी जाऊन कपडे बदल. नाहीतर सगळ्या पुस्तकांवर तुझेच ठसे उमटतील."

आईबाबा बाहेर गेले होते. बायकोची रात्रपाळी होती, त्यामुळे ती आतल्या खोलीत झोपली होती. मी पावलं न वाजवता कपाट उघडलं. शर्ट सापडेना. वळून पाहिलं तर ती उताणी पडलेली, डोळे टक्क उघडे, माझ्याकडेच बघत होती.

"जागी आहेस का? बरं झालं. माझा करडा शर्ट कुठंय?"

उत्तर नाही.

"अगं, शर्ट. मशीन थांबवून आलोय मी."

ती नुसती बघत राहिली. नजर माझ्या चेहऱ्यावर, मग माझ्या खांद्यामागे, परत चेहऱ्यावर. सकाळी मी चहाची भांडी तशीच टाकून गेलो होतो. मला वाटलं, त्याचा राग आहे.

"राग आला असेल तर तोंडानं सांगावं माणसानं," असं म्हणून हाताला लागला तो शर्ट चढवला, निळा शर्ट पिशवीत कोंबला आणि दार जरा जास्तच जोरात ओढून निघून आलो.

संध्याकाळी परतलो तर ती भिंतीला पाठ लावून बसलेली. लख्ख उजेड असूनही दिवा चालू. मी ठरवलं, आपण होऊन बोलायचं नाही. तीही बोलेना. आमचा तो पहिलाच अबोला, त्यामुळे तो मोडायचा कसा हे दोघांनाही माहीत नव्हतं. आई मधल्या मधे निरोप पोचवायची. "त्याला म्हणावं डबा ओट्यावर आहे." "तिला म्हणावं बघितला." असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी तीच बोलली. "तू शर्ट शोधत होतास ना, तेव्हा तुझ्यामागे कुणीतरी उभं होतं."

"कोण?"

"उंच होता. कपाटाच्या वर डोकं जाईल एवढा. त्याला तोंडच नव्हतं. त्यानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला. मी ओरडत होते रे. सगळा जीव एकवटून ओरडत होते, पण ओठसुद्धा हलेना. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं. आणि तू आपला शर्ट शर्ट करत होतास."

मी हसलो. हे लिहितानाही लाज वाटते, पण मी हसलो. "स्वप्न पडलं असेल गं."

"स्वप्न होतं तर तू निळा झालेला मला कसा दिसलास?"

माझं हसू तिथंच आटलं. तो शर्ट मी घासलेटानं धुवायला तसाच छापखान्यात नेला होता. घरात कुणाला दाखवलाही नव्हता. म्हणजे ती खरंच जागी होती. तिला मी दिसत होतो, माझं बोलणं ऐकू येत होतं, आणि मी तिला तसंच टाकून दार आपटून गेलो होतो.

मग कळलं की ही तिची तिसरी वेळ होती. त्यानंतर तिनं झोपणंच टाळायला सुरुवात केली. कामावरून आली की माळा आवर, पंखा पूस, पडदे धू. पाठ टेकायची नाही. आई शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायची की सुनेला बसवतच नाही. दोन आठवड्यांत तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. कारखान्यात तिच्या नजरेखालून तडा गेलेल्या दोन बाटल्या पुढं गेल्या, आणि सुपरवायझर बाईंनी बोलावून समज दिली.

"सोडते मी नोकरी," ती मला म्हणाली. "पण घरी बसून तरी काय? झोपावं तर लागणारच ना."



तो विषय फुटला रविवारी दुपारी, जेवताना. ती घासागणिक डुलक्या घेत होती.

"पित्त झालंय तुला," आई म्हणाली. आईच्या मते जगातले निम्मे आजार पित्ताचे आणि उरलेले मोबाईलचे. "रिकाम्या पोटी चहा घेतेस म्हणून."

"पित्त नाही आई," बायको म्हणाली, आणि थकव्यापायी असेल, सगळं सांगून मोकळी झाली. तो उंच माणूस, छातीवरचा धोंडा, न निघणारा आवाज. सांगताना ती ताटाकडेच बघत होती.

बाबा चाळीस वर्षं लिफ्टचे मिस्त्री होते. जेवताना ते फार तर दोन वाक्यं बोलतात, त्यातलं एक मिठाबद्दल असतं. त्यांचा हात ताटातच थांबला.

"जीभ टाळ्याला चिकटते का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि आधी कानात घरघर होते? मोटर सुरू झाल्यासारखी?"

बायकोनं वर पाहिलं. "बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्याकडे म्हातारी येते," बाबा म्हणाले.

"कुठली म्हातारी?" आईनं विचारलं. भात वाढायचा चमचा तिच्या हातात तसाच होता.

"माहीत नाही. ओल्या कपड्यांत असते. आधी दाराशी उभी राहते, मग येऊन छातीवर बसते. पाठ टेकून झोपलो की हमखास. म्हणून तर खुर्चीत झोपतो."

बाबा बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत झोपायचे. मी शाळेत होतो तेव्हापासून. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे. कुणाचे वडील पेपर मोठ्यानं वाचतात, आमचे खुर्चीत झोपतात.

आईनं चमचा खाली ठेवला. "म्हणजे माझ्या घोरण्यामुळे नाही?"

"तू घोरतेस?" बाबा म्हणाले.

"बावीस वर्षं!" आईचा आवाज चिरकला. "बावीस वर्षं मी नाकात थेंब घालतेय, उशी बदलतेय, कुशीवर झोपतेय. मला वाटलं तुम्हाला माझ्या शेजारी झोपवत नाही. आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? लोक माझ्या भरवशावर आठव्या मजल्यापर्यंत जायचे. मिस्त्रीला दाराशी म्हातारी दिसते म्हटल्यावर लिफ्टमध्ये कोण बसलं असतं?"

"मी लिफ्टमध्ये बसणार होते का?" आई म्हणाली, आणि ती हसतेय की रडतेय ते आम्हाला कळेना. बहुतेक दोन्ही. बाबा खालमानेनं बसले होते, चोरी पकडल्यासारखे. माझ्या बायकोनं न विचारता त्यांना आणखी थोडा भात वाढला आणि एरवी "पुरे" म्हणणाऱ्या बाबांनी तो निमूट खाल्ला.

पुढच्याच आठवड्यात मी सासरा-सुनेची जोडी डॉक्टरांकडे नेली. झोपेच्या तक्रारी बघणाऱ्या डॉक्टर आहेत हे मला शोधेपर्यंत माहीतच नव्हतं. बाई तिशीतल्या होत्या. दोघांचं सगळं ऐकून घेईपर्यंत मधे एक शब्द बोलल्या नाहीत.

"स्वप्न पडत असताना शरीर आपले हातपाय सैल सोडून देतं," त्या म्हणाल्या. "नाहीतर आपण स्वप्नात धावताना खरंच पलंगावरून पडलो असतो. कधीकधी मन आधी जागं होतं आणि शरीराची ती सैल अवस्था तशीच राहते. डोळे उघडतात, खोली दिसते, पण स्वप्नाचा उरलेला तुकडा त्याच खोलीत दिसत राहतो. एक-दोन मिनिटांत आपोआप सुटतं. यानं जीव जात नाही. आणि वेड तर मुळीच लागलेलं नाही."

"म्हणजे लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली," बाबा म्हणाले. "आत दिवा चालू, पण दार उघडत नाही."

डॉक्टर हसल्या. "हे मी आता सगळ्या पेशंटना सांगणार."

"अडकलेल्यांना आम्ही सांगायचो, दारं ओढू नका, शांत उभे राहा, आम्ही आहोत."

"इथंही तेच. झटापट करायची नाही. श्वास सावकाश घ्यायचा आणि फक्त पायाचं बोट हलवायचा प्रयत्न करायचा. कुशीवर झोपायचं, झोपेची वेळ शक्यतो बदलायची नाही. दर आठवड्याला पाळी बदलत असेल तर झोप बिचारी जाणार कुठं? मी तसं पत्र देते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "डोळे उघडे आहेत आणि उत्तर येत नाही असं दिसलं, तर घरच्यांनी हात लावावा, हाक मारावी. आणि दिसतं ते खरं नसलं तरी भीती खरी असते, त्यामुळे हसू नये."

मी टेबलावरच्या पेनकडे बघत राहिलो. बायकोनं माझं नाव सांगितलं नाही. तिचे उपकार.

बाबा पलंगावर झोपायला लागले, कुशीवर, पाठीमागे लोड लावून. पहिल्या सकाळी आईबाबा दोघांचेही डोळे लाल. मी विचारलं काय झालं, तर आई म्हणाली, "सवय नाही रे. कुणीतरी शेजारी आहे असं सारखं वाटत राहिलं." बाबांची म्हातारी पूर्ण गेली नाही. महिन्यातून एखाद वेळा डोकावते. पण आता ते सकाळी चहा घेताना सांगतात, "काल आली होती," आणि आई विचारते, "मला काही निरोप?"

माझ्या बायकोला पुन्हा झालं ते तीन आठवड्यांनी, भर दुपारी. मी छापखान्यात होतो. आई तिच्या उशाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे डोळे उघडलेले दिसले, हाकेला ओ येईना, तशी आईनं तिचा अंगठा धरला आणि असा काही आवाज लावला की तळमजल्यावरची बाई चप्पल न घालता वर आली. "जा म्हणते ना! माझ्या सुनेच्या खोलीत काय काम तुझं? चल, नीघ!"

संध्याकाळी बायको मला हे सांगताना इतकी हसत होती की तिला धड वाक्य पूर्ण करता येईना. "तो होता रे तिथं. कपाटापाशीच. पण आई अशा काही ओरडल्या ना, की मला त्याचीच दया आली."

त्या रात्री कामावर जाताना ती इतके दिवस लाजेनं कपाटात ठेवलेलं डॉक्टरांचं पत्र घेऊन गेली. ते देण्याआधी तिनं कँटीनमध्ये सोबतच्या बायकांना सगळं सांगितलं, म्हणाली, आता कसली लाज. मग पॅकिंगची एकजण हळूच म्हणाली, "माझ्याकडे दोघी येतात. बहिणी असाव्यात." भट्टीजवळ काम करणारी म्हणाली की ती नऊ वर्षं दिवा लावून झोपते आणि नवऱ्याला अंधाराची भीती वाटते असं सगळ्यांना सांगते.

अर्ज एकटीचा जायचा होता, गेला तेवीस सह्यांचा. पाळी आठवड्याऐवजी महिन्यानं बदलावी, एवढीच मागणी. सुपरवायझर बाईंनी तो दोनदा वाचला. "इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?" त्या म्हणाल्या, पेन मागितलं आणि खाली चोविसावी सही स्वतःची केली. व्यवस्थापकांनी तीन महिने करून बघू म्हटलं. मधल्या काळात निसटलेल्या बाटल्या कमी झाल्या, आणि चौथ्या महिन्यात कुणी तो विषयच काढला नाही. तेच चालू राहिलं.

गेल्या रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात कारखान्यातला फोर्कलिफ्ट चालवणारा उभा होता. दार भरून जाईल एवढा दांडगा माणूस, हातात हेल्मेट. "वहिनींनी सांगितलं, इथं मिस्त्रीकाका असतात," तो म्हणाला. "थोडं बोलायचं होतं."

बाबांनी टीव्ही बंद केला. त्याला समोर बसवलं. त्यानं हेल्मेट मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी समजलो आणि आत आलो. स्वयंपाकघरात बायको चहाचं आधण ठेवत होती. तिनं बोटानं मला गप्प राहायची खूण केली.

"तुमच्याकडे कोण येतं?" बाहेरून बाबांचा आवाज आला.

"कुत्रा. काका, तुम्ही हसाल."

"नाही हसत. केवढा आहे?"

"घोड्याएवढा."

"बरं. आणि कुठल्या बाजूनं येतो?"

बायकोनं आधणात आणखी एक कप पाणी घातलं.

"सांगतोय का?" तिनं कुजबुजत विचारलं.

"सांगतोय," मी म्हणालो.