हिरव्या रेघेची घरं

काकांनी दारावर हिरवी रेघ ओढली, ब्रश डब्यात टाकला आणि पुढच्या घराकडे निघालेसुद्धा. काकू मात्र वही हातात धरून दारातच थांबल्या. आत भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण छातीएवढी वर होती आणि मेन स्विचचा बोर्ड तिच्याही खाली. बोर्डाच्या चारही स्क्रूंच्या खाचांत चिखल वाळून घट्ट बसला होता. बोर्ड कुणी उघडलाच नव्हता.

"लिहिलंस का?" रस्त्यावरून काकांनी विचारलं.

"लिहिते."

हिरवी रेघ म्हणजे वायरिंग तपासलं, वीज सोडायला हरकत नाही. उद्या सकाळी या गल्लीत वीज येणार होती. घरातली सून अनवाणी पायांनी ओल्या फरशीवरचा गाळ ओढत होती. तिने मान वर केली.

"झालं ना काकू? उद्या पंखा लागला की भिंती तरी वाळतील."

"हो," काकू म्हणाल्या, आणि वहीत त्या घरापुढे त्यांनी 'झालं' असं लिहिलं.

मदत केंद्रावर काम करणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळे 'पेन्शनर पलटण' म्हणत. पलटणीत एक शिंपी होता, एक नर्स होती, आणि उभा जन्म विजेच्या खांबांवर काढलेले काका होते. निवृत्त झाल्यापासून काका खिडकीपाशी बसून राहत. चहा पिऊन झाला की तासाभराने, "आज चहा नाही का?" असं विचारत. पूर आला आणि काका माणसात आले. सकाळी उठून दाढी, इस्त्रीचा शर्ट, वर नर्सबाईंची थट्टा. एवढ्या लोकांचे संसार चिखलात गेले आणि आपल्या घरात मात्र हसू परत आलं, याची काकूंना लाज वाटे. पण ते हसू त्यांना हवं होतं, अगदी हावरटासारखं हवं होतं.

दुपारी दोघं केंद्रावर परतली. केंद्र असलेल्या शाळेच्या हॉलमध्ये काका दाराजवळच्या बाकावर टेकले. काकू थेट प्रमुखबाईंच्या टेबलाशी गेल्या. बाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या होत्या.

"माझ्याकडून चूक झालीय," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "मला हल्ली नीट दिसत नाही. घर तपासून झालं की नाही ते न कळताच मी 'झालं' म्हणून लिहिते, आणि माझ्या शब्दावर हे रेघ ओढतात. एकोणचाळीस घरं आहेत. सगळी परत बघा. उद्या वीज सोडू नका."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो काकू, कुणाचा तरी जीव गेला असता."

"हो."

बाई रागावल्या नाहीत. रागवायचं त्राणही त्यांच्यात उरलं नव्हतं. "तुम्ही उद्यापासून घरी आराम करा," त्या म्हणाल्या. "काकांच्या जोडीला मी दुसरं कुणीतरी देते. त्यांच्यासारखा जाणकार माणूस नाही हो आमच्याकडे."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. आपण गेलो की काकाही घरी बसतील, असा त्यांचा साधा हिशेब होता.

"नको," त्या म्हणाल्या. "एकट्याला नका पाठवू ह्यांना."

"एकटे कुठे? सोबत देतेय ना मी."

"हिचे डोळे शाबूत आहेत."

काका मागे येऊन उभे होते. "सुईत दोरा अजून एका झटक्यात ओवते," ते म्हणाले.

"तुम्ही बसा बघू," काकू घाईघाईने म्हणाल्या.

"बोर्ड मी उघडले नाहीत." काका बाईंशीच बोलत होते. "काही उघडले असतील. घराबाहेर आलो की आत काय केलं तेच आठवत नाही. ही अडवत नाही म्हणजे झालं असेल, असं म्हणून रेघ मारत गेलो."

काकूंना वाटत होतं, काकांना यातलं काही कळत नाही. इतके दिवस त्या एकट्याच सांभाळून घेत होत्या, असं त्यांना वाटत होतं.

"कुठली घरं राहिली असतील, काका?" बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली.

काकांचं बोट पानावरून खाली खाली जात राहिलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

"सगळीच बघा," ते म्हणाले. "आणि जो कुणी जाईल त्याला म्हणावं, हिला बरोबर घे. हिच्या नजरेतून काही सुटत नाही. मी जातो घरी."

ते ताठ मानेने चालत दारापर्यंत गेले. तिथे थांबले. डावीकडचा रस्ता बघितला, मग उजवीकडचा, आणि पुन्हा डावीकडचा.

काकूंनी पिशवी उचलली आणि त्या त्यांच्यामागे गेल्या.